बाळकूमच्या पार्किंगमधला शिअरवॉटर: एका प्रकरणाची नोंद

ठाण्यात बाळकूमला, खाडीपासून फार लांब नसलेल्या एका संकुलाच्या पार्किंगमध्ये जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक शिअरवॉटर, म्हणजे खुल्या समुद्रावरचा पक्षी, सापडला. दहाव्या दिवशी तो उत्तनच्या कातळावरून समुद्रात गेला. मधल्या काळात काय झालं, कुठे चुकलं, कोणत्या निर्णयावरून आमच्यात वाद झाले, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. पहिली आणि सगळ्यांत महागात पडलेली चूक माझी होती, म्हणून सुरुवात तिथूनच.

मी शाळेत भूगोल शिकवते आणि बरीच वर्षं पावसाळ्यात पडलेल्या पक्ष्यांचे फोन घेते. जूननंतर येणारे बहुतेक फोन बगळ्यांच्या आणि ढोकरीच्या पिल्लांचे असतात. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षांवर त्यांच्या वसाहती असतात आणि वारा सुटला की पिल्लं खाली येतात. त्या दिवशी सकाळी सातला फोन आला. "मॅडम, पाण्यातला पक्षी वाटतोय, चिखलाने माखलाय, उठतच नाही." माझा पहिला तास साडेसातला होता. जिना उतरता उतरताच मी सांगितलं, "टबात थोडं पाणी घालून त्यात ठेवा, मी अकराला येते." फोटो मागवला नाही. चोच कशी आहे एवढंही विचारलं नाही.

मी पोचेपर्यंतच्या चार तासांत त्या लोकांनी जे केलं ते सगळं जीव लावून केलं. साफसफाईच्या ताईंनी दोन गाड्यांमधून त्याला अलगद उचललं होतं. कुणीतरी लहान मुलाचा आंघोळीचा टब आणला. पंखांना चिखल लागला होता, म्हणून एका काकूंनी शाम्पू लावून तो धुतला. मग तो थरथरायला लागला, म्हणून हेअर ड्रायर आला. दुधात भिजवलेला पाव चोचीशी धरला गेला. तो उभा राहत नव्हता, छातीवरच सरपटत होता, त्यावरून "दोन्ही पाय मोडलेत" असं ठरलं. तोवर संकुलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो फिरला होता. खाली लिहिलं होतं: रस्ता चुकलेला परदेशी पाहुणा.

मी टबापाशी वाकले आणि पोटात गोळाच आला. चोच फिकट गुलाबी, टोकाला काळपट, आकड्यासारखी वळलेली. आणि तिच्या बुडाशी, वरच्या बाजूला, दोन नळ्या. चोचीवर अशा नळ्या असलेले पक्षी म्हणजे अल्बाट्रॉस, पेट्रेल आणि शिअरवॉटर यांचा गोतावळा. हे खुल्या समुद्रावरचे पक्षी. जमिनीवर येतात ते फक्त अंडं घालायला आणि पिल्लू वाढवायला. त्यांचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला असतात, पोहायला आणि बीळ उकरायला उत्तम, चालायला निरुपयोगी. सपाट फरशीवर असा पक्षी छातीवरच सरपटणार आणि सपाट फरशीवरून तो उडूही शकणार नाही. याचे पाय शाबूत होते.

मोडलं होतं ते दुसरंच. समुद्रपक्ष्याची पिसं एकमेकांत इतकी घट्ट गुंतलेली असतात की आतल्या कातडीला पाणी लागत नाही. आतली हवा हीच त्याची गोधडी आणि तीच त्याची होडी. साबण लागला की ती वीण सुटते. पिसं भिजतात, थंडी थेट अंगात शिरते, आणि असा पक्षी समुद्रात सोडला तर बुडतो. पार्किंगमध्ये उतरला तेव्हा तो दमलेला होता, उपाशी होता, पण त्याची पिसं धड होती. ती आमच्या हातून गेली.

पुढचं काम सरळ होतं. पुठ्ठ्याचा खोका, तळाशी घडी घातलेला टॉवेल, हवेसाठी भोकं, वरून झाकण, आणि खोका घरातल्या सगळ्यांत शांत खोलीत. पाणी नाही, खाणं नाही, बघ्यांची रांग नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन भरलं ४३० ग्रॅम. या जातीचा धडधाकट पक्षी साधारण साडेपाचशे ते साडेसातशे ग्रॅमचा असतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. रानपक्षी घरात ठेवून घेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही आणि अशा नाजूक पक्ष्याच्या बाबतीत ते शहाणपणाचंही नाही. संध्याकाळी वनविभागाची माणसं आली आणि त्यांच्यामार्फत तो उपचार केंद्रात पोचला. तिथल्या डॉक्टरांनी छातीचं हाड चाचपलं. दोन्ही बाजूंचं मांस झडून ते सुरीच्या पातीसारखं वर आलं होतं.

कोणता शिअरवॉटर?

रात्री डॉक्टर आणि मी मोबाइलवर फोटो मोठे करून बघत बसलो. आपल्या बाजूच्या समुद्रात गडद रंगाचे असे दोन-तीन पक्षी येतात. सोकोत्रा बेटावर वीण करणारा जुआनिनचा पेट्रेल लहान चणीचा आणि काळ्या चोचीचा. वेज-टेल्ड शिअरवॉटरची शेपटी लांब, पाचरीसारखी. आमच्या पक्ष्याची शेपटी आखूड, गोलसर होती, अंग एकसारखं चॉकलेटी तपकिरी, पंख पसरले तर मीटरभर, आणि पाय फिकट मांसल गुलाबी. त्या पायांवरूनच त्याचं नाव पडलं आहे: फ्लेश-फूटेड शिअरवॉटर. आखूड शेपटी आणि गुलाबी चोच एकत्र पाहिल्यावर शंका उरली नाही.

मग माझ्या मनात ते 'रस्ता चुकलेला' सलायला लागलं, कारण ते खरं नव्हतं.

या जातीचे पक्षी दक्षिण गोलार्धातल्या बेटांवर सप्टेंबरच्या अखेरीपासून मेपर्यंत राहतात. तिकडचा हिवाळा सुरू झाला की बेट सोडतात. हिंदी महासागराच्या बाजूचे उत्तरेला निघतात आणि त्यांचा मोठा मुक्काम पडतो अरबी समुद्रात, नेमका आपल्या पावसाळ्यात. आपण घरात बसून ज्या नैऋत्य वाऱ्याचा आवाज ऐकतो, तोच वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाजूला सारतो आणि खालचं थंड, सकस पाणी वर येतं. केरळच्या किनाऱ्यालाही या दिवसांत असंच घडतं. त्या पाण्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर मासळी पोसते आणि मासळीमागे हे पक्षी येतात. आपल्याला जो खवळलेला, होड्या ओढून ठेवायला लावणारा समुद्र वाटतो तो त्यांच्यासाठी सुगीचा असतो. आमचा पक्षी जिथे असायला हवा होता तिथेच होता. सलग तीन दिवसांच्या वाऱ्याने दमवून त्याला किनाऱ्याच्या आत ढकललं, एवढंच. हजारो किलोमीटर बरोबर आला आणि शेवटच्या थोड्या अंतरावर घसरला.

आणि तो आला कुठून? शास्त्रज्ञ ओळखीसाठी पक्ष्याच्या पायात घालतात ती कडी त्याच्या पायात नव्हती. अरबी समुद्रात येणारे या जातीचे पक्षी दोन मुलखांतले असतात: पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या बेटांवरचे आणि सेंट पॉल नावाच्या एका ज्वालामुखी बेटावरचे. कडीशिवाय या दोन्हींत निवाडा करता येत नाही, त्यामुळे मी तसा दावा करत नाही. पण सेंट पॉलबद्दल मी वाचायला घेतलं आणि पुढचे चार दिवस ते बेट माझ्या डोक्यातून गेलं नाही.

सरळ दक्षिणेला

नववीच्या वर्गात मी पृथ्वीगोल नेला. एका मुलीला ठाण्यावर बोट ठेवायला सांगितलं आणि तसंच सरळ खाली यायला सांगितलं. ठाणं साधारण ७३ अंश पूर्व रेखावृत्तावर. बोट मिनिकॉयवरून गेलं, मालदीववरून गेलं, विषुववृत्त ओलांडून चागोस बेटांच्या जवळून गेलं. त्यानंतर नुसता निळा रंग. बोट खाली सरकत राहिलं, वर्ग गप्प झाला. जवळजवळ ३९ अंश दक्षिणेला, रेषेपासून जरा उजवीकडे, तिला एक ठिपका सापडला. ठाण्यापासून सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. शेजारच्या ॲमस्टरडॅम बेटावर फ्रेंच संशोधन केंद्र आहे, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. म्हणजे इथे शाळा भरते तेव्हा तिथेही सकाळच असते, फक्त ऋतू उलटा.

सेंट पॉल म्हणजे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचं तोंड. क्षेत्रफळ दहा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. आपल्या येऊरमागच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असली दहा-बारा बेटं सहज मावतील. ज्वालामुखीचा ईशान्येकडचा भाग कधीतरी समुद्रात कोसळला आणि १७८० मध्ये मधली उरलेली दगडी भिंतही पडली. तेव्हापासून समुद्र थेट मुखात शिरला आहे. आत किलोमीटरभर रुंदीचं गोल तळं, पन्नासेक मीटर खोल, भोवती अडीचशे मीटरच्या वर चढलेले कडे, आणि दार इतकं उथळ की लहान होडीच आत जाईल. काठाला अजून गरम झरे आहेत. बेट फ्रान्सच्या ताब्यात आहे, कोणी राहत नाही आणि परवानगीशिवाय कोणी उतरत नाही. २०१९ मध्ये फ्रान्सच्या या दक्षिणी बेटांना आणि भोवतालच्या समुद्राला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं.

माणसं तिथे टिकली नाहीत, पण जाऊन आली खूप. १८७१ मध्ये मेगेरा हे ब्रिटिश जहाज तळाला गळती लागून या बेटाच्या किनाऱ्यावर चढवावं लागलं आणि सुमारे चारशे माणसं काही महिने इथे अडकून पडली. १८७४ च्या डिसेंबरात शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून जाताना, बघायला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ इथे येऊन राहिले. मला सगळ्यांत जास्त लागलं ते १९३० मधलं. बेटाभोवती शेवंड विपुल, म्हणून शेवंड डब्यात भरायचा कारखाना इथे उभा राहिला होता. हंगाम संपला, जहाज परत गेलं आणि राखणीला सात जण मागे ठेवले गेले. लवकरच येणारं जहाज आलं डिसेंबरात. तोवर ताज्या भाजीफळांविना स्कर्व्हीने घात केला होता आणि सातांपैकी तीनच जण जिवंत होते. त्यांतल्या एका बाईला तिथेच मुलगी झाली होती, तीही वाचली नाही. उपचार केंद्रात बसून हे वाचताना समोरच्या खोक्यात तो पक्षी होता. त्याच बेटावर त्याच्यासारखे पक्षी दर वर्षी येतात, पिल्लं वाढवतात आणि परत समुद्रावर जातात.

पण माणसांनी तिथे सोडलेली जनावरं राहिली, आणि बेटाचा खरा घात त्यांनी केला. सील मारायला आणि मासेमारीला येणाऱ्या जहाजांतून उंदीर उतरले, ससे सोडले गेले. शिअरवॉटर जमिनीत लांब बीळ उकरतो आणि वर्षाला एकच अंडं घालतो. ते उबायला दोन महिने आणि पिल्लू उडायला आणखी तीन महिने. पहिलं अंडं घालण्याआधी पक्षी कित्येक वर्षं वाढत असतो. एवढ्या संथ संसारात एक उंदीर बिळात शिरला की ते अख्खं वर्ष गेलं. सशांनी गवत खरवडलं, मातीची पकड सुटली. अंगाने लहान असलेले पक्षी मुख्य बेटावरून हद्दपार झाले आणि शेजारी समुद्रात उभ्या असलेल्या 'ला किल' नावाच्या एका खडकावर तगून राहिले, कारण त्या सुळक्यावर उंदीर पोचले नव्हते.

१९९७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून सगळ्या बेटावर विषारी आमिष टाकलं. ठाण्यातल्या कुठल्याही इमारतीत डक्टमधल्या उंदरांशी सामना केलेल्या माणसाला कळेल की 'शेवटचा उंदीर' म्हणजे काय चीज असते. शंभरातले नव्व्याण्णव मारून उपयोग नसतो. एक गाभण मादी उरली तरी दोन-चार वर्षांत सगळं पूर्वपदावर येतं. कड्यांच्या कपारीत, सुळक्यांच्या पायथ्याशी, एकही हात जागा सुटता कामा नये. सेंट पॉलवर ते जमलं. मोठे उंदीर संपले. उरलेले ससे माणसांनी शोधून टिपले. घरांत असतात तसले बारके उंदीर, पिटुकले, तेवढे मात्र राहिले. आणि ज्या लहान पक्ष्यांनी ला किलच्या खडकावर दिवस काढले होते, ते मुख्य बेटावर परत घरटी करायला लागले. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली.

पिसं आणि पाय

केंद्रात पहिले दोन दिवस पक्ष्याला फक्त ऊब आणि नळीने पोटात कोमट द्रव. उपाशी पक्ष्याच्या पोटात एकदम मासा गेला तर पचवायला अंगात ताकद नसते. तिसऱ्या दिवशी माशाचा पातळ रस, पाचव्या दिवसापासून अख्ख्या मांदेल्या आणि बारीक तारल्या. मासळी बर्फातली असल्यामुळे बी-१ जीवनसत्त्वाची गोळी माशाच्या गालफडात घालून द्यावी लागे. साठवणीच्या माशांत ते जीवनसत्त्व कमी होतं आणि पक्ष्याला झटके यायला लागतात. मला हे माहीत नव्हतं.

तिसऱ्याच दिवशी त्याने थोडा रस उलटला आणि त्यात तांदळाच्या दाण्याएवढे दोन टणक तुकडे निघाले, एक पांढरट, एक निळा. प्लास्टिक. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर याच जातीच्या पिल्लांच्या पोटात आईबाप माशांबरोबर प्लास्टिक भरवतात. तिथल्या पक्ष्यांच्या जठरावर उठणाऱ्या व्रणांवरून २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी या आजाराला 'प्लॅस्टिकोसिस' असं नावच दिलं. आमच्या पक्ष्याने ते तुकडे कुठल्या पाण्यातून उचलले हे सांगता येणार नाही. मी ते एका डबीत ठेवले आहेत. पावसात आमच्या गल्लीतलं गटार कोलशेतच्या खाडीकडे धावतं तेव्हा त्याच्यावर काय काय तरंगत असतं, ते मी रोज बघते.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पिसांचं काम हाती घेतलं. शाम्पूचा अंश पिसांत उरला होता आणि तो असेपर्यंत वीण जमणार नव्हती. अंगाएवढ्या कोमट पाण्याची बारीक, जोरकस धार, पिसांच्या उलट दिशेने, सलग वीसेक मिनिटं. मी पंख धरून उभी होते. शेवटी एक क्षण येतो. पाणी पिसांत झिरपायचं थांबतं आणि मोत्यांसारखं घरंगळून खाली पडायला लागतं. तेव्हा साबण निघाला असं समजायचं. पुढचं काम पक्ष्याचं. तो चोचीने एकेक पीस ओढून, साफ करून जागेवर बसवतो. त्यानंतर रोज पाच-सात मिनिटं त्याला पाण्यात पोहायला सोडायचं, बाहेर काढून पोटाखालची पिसं उलटी करून बघायची. पाचव्या दिवशी कातडी ओली. सहाव्या दिवशी ओली. सातव्या दिवशी एक पट्टा कोरडा. आठव्या दिवशी पोट जवळजवळ पूर्ण कोरडं.

पण याच दिवसांत दुसरं घड्याळ उलटं चालू होतं. आयुष्यभर पाण्यावर टेकणाऱ्या पक्ष्याला जमीन सोसत नाही. सगळं वजन छातीच्या हाडावर आणि पायांच्या सांध्यांवर येतं आणि तिथे जखमा होतात. टॉवेलवर ठेवला होता तोवर दोन दिवसांतच सांधे लालसर झाले. मग लाकडी चौकटीवर मऊ, बिनगाठीची जाळी झोळीसारखी ताणून त्यावर त्याला ठेवलं. त्याने फरक पडला, पण जखम थांबली नाही, मंदावली. त्यात जुलैची दमट हवा. कोंडलेल्या समुद्रपक्ष्याच्या फुप्फुसात बुरशी धरण्याची भीती रोजची, आणि एकदा ती धरली की हातात फार काही उरत नाही. म्हणजे पिसांसाठी त्याला ठेवायला हवं आणि पायांसाठी, फुप्फुसांसाठी त्याला सोडायला हवं. ही ओढाताण नवीन माणसाला दिसत नाही. आपल्याला वाटतं, अजून चार दिवस खाऊ-पिऊ घातला की आणखी धष्टपुष्ट होईल. खोल समुद्राच्या पक्ष्याला केंद्रातला प्रत्येक जादा दिवस कर्जासारखा असतो.

आणि एक सांगून ठेवते. पहिल्या दिवशी तो टब नसता, नुसता कोरडा खोका असता, तर पिसांचे हे दिवस लागलेच नसते. दोन-तीन दिवस द्रव आणि मासळी, की सुटला असता.

कुठे सोडायचं

आठव्या दिवशी वजन ५८० ग्रॅम. प्रश्न आला जागेचा. संकुलातल्या मुलांचा आग्रह होता की ठाण्याच्या खाडीत सोडावं, सगळ्यांना बघता येईल. त्यांचा हट्ट मला समजत होता, पण खाडी फ्लेमिंगोंची, या पक्ष्याची नाही. चिखल, गढूळ पाणी, पुलाच्या तारा, जाळी, घारी-कावळे, आणि खुला समुद्र गाठायला पुन्हा अख्खी मुंबई ओलांडायची. ते मुलांना खोक्याच्या भोवती बसवून, नकाशा काढून सांगावं लागलं. पटलं त्यांना. एकाने विचारलं, "मग आम्ही उत्तनला येऊ का?" चौघं आले.

खरा वाद डॉक्टर आणि माझ्यात झाला. माझं म्हणणं, होडीतून पंधरा-वीस किलोमीटर आत नेऊन सोडू, म्हणजे वाऱ्याने पुन्हा किनाऱ्यावर आपटणार नाही. पण पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैपर्यंत असते, होड्या ओढून ठेवलेल्या. आणि बंदी उठली तरी समुद्र शांत असेल याची हमी कोण देणार? म्हणजे किमान तीन-चार दिवस थांबणं. डॉक्टरांनी त्याचा डावा पाय माझ्यापुढे धरला. सांध्यावर कातडी फाटायला लागली होती. "तुम्हाला होडी सुरक्षित वाटते," ते म्हणाले, "पण ती तुमच्या समाधानासाठी. या पायाने हा अजून चार दिवस इथे राहिला तर पाण्यात गेल्यावरही बरा होणार नाही." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हटलं. ते बरोबर होते. पहिल्या दिवशी टब सांगणारी मी आणि शेवटच्या दिवशी होडीवर अडून बसलेली मी, दोन्ही वेळा पक्ष्यापेक्षा माझ्या मनातलं चित्र मोठं झालं होतं.

शिअरवॉटरला उडायला समोरून वारा लागतो आणि थोडी उंची लागते. बेटावर तो बिळातून निघून कड्याच्या टोकापर्यंत सरपटतो आणि वाऱ्यात स्वतःला झोकून देतो. उत्तनला समुद्रात घुसलेला कातळ आहे आणि जुलैत वारा समोरूनच असतो. वाऱ्याचा जोर त्या दिवशी उतरला होता. वनविभागाची परवानगी घेऊन दहाव्या दिवशी सकाळी घोडबंदर रस्त्याने निघालो. गाडीत गाणी नाहीत, बोलणं नाही, खोका माझ्या मांडीवर.

उत्तनचे एक ओळखीचे नाखवा आमची वाट बघत उभे होते. त्यांनी खोक्यात डोकावलं. "हा वारा लागला की बाहेर दिसतो, बोटीच्या मागे मागे येतो," म्हणाले. नाव विचारलं तर हसले, त्यांच्या लेखी तो नुसता 'बाहेरचा पक्षी'. आम्ही लगेच सोडणार होतो, त्यांनी थांबवलं. "भरती चढतेय, लाट आत ढकलते. ओहोटी लागू द्या." दीड तास थांबलो. मुलं कातळावर भिजत उभी होती, पण एकानेही कुरकुर केली नाही. कावळे मात्र आजूबाजूला जमत होते, त्यांना हाकलायचं काम मुलांनी चोख केलं.

ओहोटी धरल्यावर डॉक्टर कातळाच्या टोकाला गेले. पक्ष्याला वर फेकायचं नसतं, हे त्यांनी मुलांना आधीच सांगितलं होतं. त्यांनी तळहात उघडे केले, चोच वाऱ्याकडे. बराच वेळ काहीच नाही. मग त्याने पंख उघडले आणि तेव्हा पहिल्यांदा मला तो केवढा आहे ते कळलं. खोक्यातला मुटकुळा कुठल्या कुठे गेला. तो हातावरून पुढे घसरला, खाली गेला, आणि लाटेच्या आत फेसात पडला. माझ्या तोंडून आवाज निघाला. पण तो वर आला, तरंगत होता, हंडीसारखा उंच तरंगत होता. पाठ कोरडी. दोन लाटा त्याच्या अंगावरून गेल्या. तो हळूहळू बाहेर सरकत राहिला, ओहोटी त्याला नेत होती. दहा-बारा मिनिटांनी, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे, तो पाण्यावर पाय मारत वाऱ्यासमोर धावला आणि उठला. एक पंख पाण्याला टेकेल इतका कलून, लाटेच्या उतारावरून खाली, पुढच्या लाटेच्या चढावर वर. पंख हलवलेच नाहीत जवळजवळ. पाणी कापत जाणारा, हे त्याच्या नावात आहे ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

नाखवा त्याच्याकडे बोट धरून उभे होते, आम्हाला दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ.

त्या दिवसापासून फोनवर कोणी पडलेल्या पक्ष्याबद्दल सांगितलं की मी आधी चोचीचा फोटो मागते आणि तो येईपर्यंत 'कोरडा खोका, अंधार, पाणी नको' एवढंच सांगते. बाळकूमच्या संकुलात हीच तीन वाक्यं साफसफाईच्या ताईंनी स्वतः लिहून वॉचमनच्या केबिनमध्ये लावली आहेत. शाम्पू लावणाऱ्या काकूंनी मला दोनदा फोन करून विचारलं, माझ्यामुळे काही झालं नाही ना. मी त्यांना सांगितलं की टब मी सांगितला होता.

नववीच्या वर्गातला पृथ्वीगोल अजून खिडकीशी आहे. सप्टेंबर संपता संपता त्या मुलीने आपणहून त्यावर बोट ठेवलं, पुन्हा वरून खाली, ठाण्यापासून त्या ठिपक्यापर्यंत, आणि म्हणाली, "मॅडम, आता बिळं साफ करायला लागले असतील ना ते?"

मी हो म्हणाले. हेच दिवस असतात.